हे खरे आहे काय?

आप्पांच्या सदऱ्याच्या खिशात तीन गोष्टी कायम असतात. शाईचं पेन, रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी आणि चार घड्या घातलेला कागद. कागदावर एखाद्या पाझर तलावाचं नाव असतं, त्याखाली एक तारीख आणि कडेला बारीक अक्षरात 'एमबी बघणे' असं काहीतरी. एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका. किती खोदलं, किती भरलं, किती ओतलं याची नोंद इंजिनिअर ज्या वहीत करतात ती. खड्डा खोदलाय की नाही हे खड्ड्यापाशी जाऊन कळतं, अशी आपली भाबडी समजूत. आप्पांच्या मते खड्डा आधी वहीत असतो. जमिनीवरही सापडला तर आनंद आहे.

आप्पा आमदार आहेत, हे त्यांच्याकडे बघून कुणाला खरं वाटत नाही. पांढरी शुभ्र गाडी नाही, मागेपुढे पोरं नाहीत, मनगटात कडं नाही. मंत्रालयाच्या दारावरच्या पोलिसानं त्यांना पास विचारला की ते तो खुशीत काढून दाखवतात आणि वर त्यालाच विचारतात, "ड्युटी किती तासांची आहे हो तुमची? ओव्हरटाइम मिळतो का?" पोलीस चपापतो. तो चपापला की आप्पा खिशातला कागद काढतात.

ते कोणत्या पक्षाचे, कोणत्या तालुक्याचे, हे सांगत नाही. प्रत्येक पक्षात असा एखादा असतोच. कुणाकडे त्याला भाऊ म्हणतात, कुणाकडे बापू, कुणाकडे नुसतंच 'मास्तर'. पत्रकार म्हणून विधानभवनाच्या गॅलरीत बसून जे जे आप्पा पाहिले, त्या सगळ्यांचं मिळून हे एक चित्र आहे. एखाद्याला वाटलं की हे आपल्यावरच लिहिलंय, तर त्यानं रीतसर प्रश्न दाखल करावा.

इतकी वर्षं प्रश्न विचारून विचारून आप्पांचं बोलणंही छापील होऊन गेलंय. विधिमंडळाच्या प्रश्नाचा एक ठरलेला साचा असतो. 'सन्माननीय ग्रामविकास मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय', आणि मग आकडे घालून : एक, अमुक ठिकाणी अमुक गैरव्यवहार झाल्याचे अमुक दिनांकास वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय, दोन, असल्यास, चौकशी केली आहे काय, तीन, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे, चार, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

आता हा माणूस सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणतो, "चहात साखर नसल्याचे आज सकाळी वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय?"

काकू पातेल्यावरची नजर न काढता म्हणतात, "हे खरे आहे."

"असल्यास, कारणे काय?"

"मधुमेह."

"त्यावर कोणती कारवाई करण्यात येत आहे?"

"हीच."

काकूंनी संसारात बाकी काही शिकलं असो-नसो, शासकीय उत्तर कसं द्यावं हे त्या उत्तम शिकल्या आहेत. सूनही तयार झाली आहे. सिलिंडर कधी येणार, असं विचारलं की ती म्हणते, "माहिती घेण्यात येत आहे." नातवाच्या हातून कप फुटला तेव्हा त्याची उलटतपासणी सुरू झाली. पोरगं सहा वर्षांचं. ते म्हणालं, "कप फुटला हे खरं आहे आप्पा. मी फोडला हे खरं नाही." आप्पा इतके खूश झाले की चौकशी तिथेच थांबली. "पोरगं सचिव होणार," असं ते दिवसभर सांगत होते.

त्यांचे स्वीय सहायक हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. अधिवेशनाच्या तारखा लागल्या की आमदार निवासातल्या त्या खोलीत झोप नावाचा प्रकार उरत नाही. कॉटवर कात्रणं, खुर्चीवर माहिती अधिकारात मिळालेले कागद, खिडकीत शासन निर्णयांची चळत आणि जमिनीवर सहायक. प्रश्नाचा खर्डा सातव्यांदा बदलून झालेला असतो. नियम असा की प्रश्नात तर्क नको, टोमणा नको, आरोप नको, स्वतःचं मत नको. नुसती माहिती विचारा. आप्पांचा पिंड मुळात टोमण्याचा. त्यामुळे पहिल्या खर्ड्यात 'टक्केवारीच्या महाप्रसादात' वगैरे शब्द येतात, दुसऱ्यात ते सहायक खोडतो, तिसऱ्यात आप्पा परत घालतात. पहाटे दोनच्या सुमारास प्रश्न गंगेत न्हाऊन निघाल्यासारखा स्वच्छ होतो. काकूंचं म्हणणं, खोडलेले सगळे टोमणे अधिवेशन संपल्यावर घरी येतात.

ऑनलाइन प्रश्न भरायची सोय झाली तेव्हा सहायकाला वाटलं, सुटलो. पण आप्पांना पडद्यावर वाचवत नाही. ते छापून घेतात, पेनानं दुरुस्त करतात आणि तो कागद सहायकाला देऊन म्हणतात, "हं, आता कर ऑनलाइन."

आप्पांचा खरा संताप होतो तो प्रश्नांच्या छापील यादीवरून. एकाच विषयावर अनेकांनी प्रश्न दिले की ते एकत्र करतात आणि वर 'सर्वश्री' म्हणून नावांची रांग लागते. आप्पांनी तीन महिने धूळ खाऊन उकरून काढलेल्या विषयावर पंधरा नावं, आणि त्यात त्यांचं अकरावं. बाकीच्यांनी पेपरातल्या कात्रणावरून सहायकाकरवी प्रश्न टाकलेला. "यातल्या चौघांना तलाव कुठल्या जिल्ह्यात आहे ते विचारा," आप्पा धुमसतात. एकदा त्यातल्या एकाला त्यांनी लॉबीत गाठून खरंच विचारलं. त्यानं मोबाइल काढून नकाशा उघडला.

तारांकित आणि अतारांकित यांतला फरक ते नव्या आमदारांना शिकवत असतात, कुणी शिकायला आलेलं नसलं तरी. अतारांकिताचं उत्तर लेखी येतं. सवडीनं येतं, आणि आलं की तिथेच संपतं. तारांकितावर सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतो. आप्पांचा सगळा जीव त्या पूरकात. छापील प्रश्न हे त्यांच्या लेखी गळाला लावलेलं गांडूळ; मासा धरायचा तो पूरक प्रश्नानं. त्यांना विचारा, भारताच्या इतिहासातलं महत्त्वाचं साल कोणतं? तुम्ही म्हणाल १९४७. ते म्हणतील १९०९. कारण १८९२ च्या कायद्यानं कायदेमंडळातल्या सभासदांना प्रश्न विचारायची मुभा मिळाली होती, पण पूरक विचारायची नव्हती. ती मिळाली १९०९ च्या सुधारणांत, आणि तीही फक्त मूळ प्रश्नकर्त्याला. "म्हणजे बघा," आप्पा पिठलं-भाकरीवरचा हात थांबवून म्हणतात, "गोखले १९०२ पासून व्हाइसरॉयच्या कौन्सिलात. एवढा अभ्यासू माणूस. प्रश्न विचारायचा, साहेबानं 'नाही' म्हणायचं, आणि गोखल्यांनी खाली बसायचं! सात वर्षं!" गोखल्यांच्या त्या सात वर्षांचं दुःख आप्पांच्या चेहऱ्यावर अजून ताजं असतं. पिठलं गार होतं.

पण त्यांचं आराध्यदैवत गोखले नव्हेत, फिरोज गांधी. सत्ताधारी पक्षाचे खासदार, शिवाय पंतप्रधानांचे जावई, आणि १९५७ साली आपल्याच सरकारच्या अर्थमंत्र्यांना लोकसभेत उभं करून आयुर्विमा महामंडळाचा हिशेब मागत होते. महामंडळ जेमतेम वर्षभराचं. लोकांच्या हप्त्यांतले सव्वा कोटीच्या आसपास रुपये हरिदास मुंदडाच्या डबघाईला आलेल्या कंपन्यांत घातलेले. आधी साधा प्रश्न, त्याला गुळमुळीत उत्तर, मग कागद, मग चर्चा, मग मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांची उघड चौकशी, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारींचा राजीनामा. हा सगळा क्रम आप्पा सत्यनारायणाच्या पोथीगत अध्यायवार सांगतात. प्रसाद म्हणून शेवटी मधू लिमये येतात. पुण्याचा माणूस, निवडून जायचा बिहारमधल्या मुंगेर आणि बांक्यातून, आणि नियमांचं पुस्तक असं पाठ की तो उभा राहिला की मंत्री कागद चाळायला लागत. "आम्ही काय," आप्पा म्हणतात, "आम्ही पाझर तलाववाले."

हा विनय मात्र खोटा आहे. पाझर तलावात त्यांना दिल्लीइतकंच दिसतं. प्रश्नाचा प्रवास कसा होतो हे त्यांनी मला एकदा चहाच्या टपरीवर समजावून सांगितलं, आणि त्या दिवसापासून मी सरकारी उत्तर वेगळ्या नजरेनं वाचायला लागलो. प्रश्न विधानमंडळ सचिवालयातून मंत्रालयातल्या विभागाकडे जातो. तिथला कक्ष अधिकारी त्यावर 'अतितातडीचे' असं लिहून आयुक्तालयाकडे पाठवतो. आयुक्तालय जिल्ह्याला, जिल्हा तालुक्याला. 'एलएक्यू आलाय', म्हणजे विधानसभेचा प्रश्न आलाय, म्हटल्यावर ऑफिसात जेवणाचे डबे अर्धवट राहतात. आणि पंचायत समितीतून तो अखेर गावात, नेमका कुणाच्या टेबलावर पोचतो? ज्यानं काम न करता बिल काढलं त्याच्या. तो शांतपणे लिहितो, 'हे खरे नाही.' मग ते वाक्य आल्या वाटेनं वर चढायला लागतं. तालुका सही करतो, जिल्हा सही करतो, आयुक्त सही करतात, सचिव सही करतात, आणि सकाळी अकरा वाजता राज्याचे मंत्री भरल्या सभागृहात उभे राहून गंभीर आवाजात सांगतात, "हे खरे नाही."

"म्हणून," आप्पा बशीत चहा ओतत म्हणाले, "झालं का, असं विचारायचंच नाही. नाही म्हणता येईल असा प्रश्न विचारणं म्हणजे त्याला सुट्टी देणं. एमबीचा नंबर विचारायचा. मोजणी कुठल्या तारखेला झाली ते विचारायचं. त्या दिवशी इंजिनिअर रजेवर होता का, ते दुसऱ्या प्रश्नात विचारायचं, दुसऱ्या खात्याला."

या तंत्राचा कळस म्हणजे टँकरचा प्रसंग. दुष्काळाचं वर्ष. आप्पांनी मुख्य प्रश्न अगदी गरीब चेहऱ्याचा दिला होता : तालुक्यात किती टँकर, किती खेपा, आणि गाड्यांचे नोंदणी क्रमांक काय. खात्यानं मोठ्या तत्परतेनं यादी जोडली. आप्पा दोन दिवस कुठे दिसले नाहीत. आरटीओत त्यांचा एक भाचेजावई आहे.

प्रश्न पुकारला गेला. आप्पा उठले, उपरणं सारखं केलं. "अध्यक्ष महाराज, यादीतल्या नवव्या क्रमांकाच्या गाडीची क्षमता किती?"

मंत्र्यांनी अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे पाहिलं. चिठ्ठी आली. "बारा हजार लिटर."

"अध्यक्ष महाराज, ती स्कूटर आहे."

सभागृहात पाच-सात सेकंद काहीच झालं नाही, आणि मग दोन्ही बाजूंची बाकं एकदम फुटली. अध्यक्षांनी हसू दाबत दटावलं, "सन्माननीय सदस्यांनी माहिती देऊ नये, प्रश्न विचारावा."

"प्रश्नच विचारतो. बारा हजार लिटर पाणी वाहणारी स्कूटर शासनानं कोणाकडून भाड्यानं घेतली, दर काय ठरला आणि हे वाहन बाकीच्या दुष्काळी तालुक्यांना का देण्यात आलं नाही?"

मंत्री म्हणाले, चौकशी करण्यात येईल. आप्पांनी खाली बसून आधी वहीत लिहिलं. त्या वहीत मंत्र्यांची आश्वासनं असतात, आणि त्यांत आप्पांची स्वतःची प्रतवारी आहे. 'बघू' हे आश्वासन नव्हे. 'तपासून पाहण्यात येईल' हेही नव्हे. 'शासन सकारात्मक आहे' हे तर निरोपाचं भाषण. 'सन्माननीय सदस्यांना घेऊन माझ्या दालनात बैठक लावतो' म्हणजे चहा-बिस्किट. पण 'करण्यात येईल' असं एकदा कामकाजात नोंदलं गेलं की ते आश्वासन समितीकडे जातं आणि खात्याला त्याचा जाब द्यावा लागतो. लोकसभेत तर दिलेलं आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचा दंडक आहे. तिथेही मुदतवाढ मागतात म्हणा. आप्पा मुदतवाढीची तारीखही लिहून ठेवतात.

उत्तरांची त्यांची आवडनिवडही ठरलेली आहे. 'हे खरे नाही' वाचून ते हसतात. 'हे खरे आहे' वाचून त्यांना संशय येतो. एवढं सरळ कबूल केलं म्हणजे याच्याहून मोठं काहीतरी मागे असणार. 'प्रश्न उद्भवत नाही' याचा मात्र त्यांना खराखुरा राग आहे. "आमच्या गावात बायका अडीच किलोमीटरवरून हंडा आणतात, आणि यांच्याकडे प्रश्न उद्भवत नाही!" सगळ्यांत लाडकं उत्तर 'हे अंशतः खरे आहे'. ते आलं की आप्पा त्या दिवशी दोन चहा पाजतात. सरकारनं एक पाय दाराबाहेर टाकलेला असतो. आता दुसरा कुठे आहे एवढंच शोधायचं.

आम्हा पत्रकारांचा त्यांच्यामुळे पुष्कळ वेळ जातो, हेही सांगायला पाहिजे. कॅन्टीनमध्ये तुम्ही साबुदाणा वडा तोंडात घालायला आणि आप्पांनी शेजारी बसून फाइल उघडायला एकच गाठ. 'दोन मिनिटं' असं म्हणून ते १९९८ पासून सुरुवात करतात. सुटका नाही, कारण ते मध्येच तुम्हाला विचारतात, "आता मला सांगा, किती लाख झाले?" आणि तुम्हाला बेरीज करावी लागते. दुसऱ्या दिवशी पेपरात आप्पांच्या तलावाची ओळसुद्धा नसते. असतो विधानभवनाच्या पायऱ्यांवर कांद्याच्या माळा घालून बसलेल्या आमदारांचा चार कॉलमी फोटो. आप्पा तो पेपर माझ्यापुढे धरतात, बोलत काही नाहीत. त्यांना पायऱ्यांचं वावडं आहे. कॅमेरे पायऱ्यांवर असतात आणि प्रश्नोत्तराचा तास आत. मग गदारोळ होतो, लोक अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत उतरतात, कामकाज तहकूब होतं आणि तास बुडतो. तास धड चालला तरी यादीतल्या पाच-सहा प्रश्नांच्या पुढे गाडी सरकत नाही. बाकीच्यांची लेखी उत्तरं तेवढी हाती पडतात. पूरक गेला! बरं, गदारोळ बहुतेक वेळा आप्पांच्याच पक्षाचा असतो. पक्षादेश म्हणून तेही उतरतात, पण हातात फलक न धरता. फलकाच्या जागी प्रश्नांची यादी असते आणि ओरडाआरडा चालू असताना ते ती वाचत उभे असतात.

सप्टेंबर २०२० मध्ये करोनामुळे संसदेच्या अधिवेशनातून प्रश्नोत्तराचा तासच वगळला आणि लेखी उत्तरं तेवढी ठेवली. त्या रात्री आप्पांचा फोन आला. आवाज असा की मला वाटलं, घरात कुणी गेलं. "अहो, पूरक नाही!" एवढंच तीनतीनदा म्हणत होते. दिल्लीत नसलेल्या पूरकासाठी आपल्या तालुक्यात बसून हळहळणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

या जातीला एक बदनाम चुलतभाऊ आहे, त्याचा उल्लेख टाळून चालणार नाही. तोही भरपूर प्रश्न विचारतो. पण त्याचा प्रश्न ठेकेदार ब चा असतो, ठेकेदार अ विरुद्ध. किंवा तो प्रश्न नुसता दाखल करतो आणि अधिकारी भेटून गेला की त्या दिवशी सभागृहात गैरहजर राहतो. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल संसदेनं अकरा खासदारांना बडतर्फ केलं, दहा लोकसभेचे आणि एक राज्यसभेचा. त्या आठवड्यात आप्पांना कुणीतरी गमतीनं म्हणालं, "काय आप्पा, तुमचा दर काय?" आप्पा चिडले नाहीत. घरी जाऊन त्यांनी सगळ्या जुन्या प्रश्नांचे गठ्ठे काढले आणि प्रत्येक प्रश्न कुणाच्या अर्जावरून दिला, त्या माणसाचं नाव आणि गाव समासात लिहून काढलं. सहायकाचा तो हिवाळा त्यात गेला.

नागपूरचं हिवाळी अधिवेशन हा मात्र त्यांचा सणवार. बाकीच्यांना नागपूर म्हणजे हुरडा, संत्री, सावजी आणि रात्रीच्या मैफली. आप्पा संत्री खातात, पण मोर्चेकऱ्यांबरोबर. मोर्चे जिथे अडवतात तिथे जाऊन हा माणूस रस्त्यावर बसकण मारतो. अंगणवाडी सेविका, रोजंदारीवरचे वनमजूर, विनाअनुदानित शाळांचे मास्तर, सगळ्यांना तेच विचारतो, "तारीख सांगा. आकडा सांगा. कागद आहे का?" भाषण ठोकायला आलेले पुढारी निघून जातात तरी आप्पा बसलेले. एक मास्तर वैतागून म्हणाले, "साहेब, पाठिंबा द्यायला आलात की तपासणीला?"

हा स्वभाव कुठेही सुटत नाही, हेच तर घरच्यांचं दुखणं. लग्नात आचाऱ्याला विचारतील, "पंगती किती, तेल किती डबे?" मुलीच्या बापाला घाम फुटतो. एका गावी साप चावून तरणा मुलगा गेला होता. आप्पा दहाव्याला गेले आणि तिथे, नदीकाठी, त्याच्या भावाला हळू आवाजात विचारायला लागले : किती वाजता चावला, केंद्रात किती वाजता नेलं, लस होती का, फ्रीज चालू होता का, डॉक्टर कुठे होते. काकूंनी पदर तोंडाला लावून डोळे वटारले. पाव्हण्यारावळ्यांत कुजबुज झाली, या माणसाला काळवेळ नाही. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. पुढच्या अधिवेशनाच्या यादीत तो प्रश्न होता : जिल्ह्यातल्या कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या तारखेला सर्पदंशावरच्या लसीच्या किती कुप्या शिल्लक होत्या. एकेका केंद्राचं नाव घालून. तो प्रश्न सभागृहात पुकारलाच गेला नाही, तास गदारोळात बुडाला. मी आप्पांना म्हटलं, वाईट झालं.

ते म्हणाले, "वाईट काय? प्रश्न खाली गेला तेव्हा एकेका डॉक्टरला फ्रीज उघडून मोजायला लागलं ना? मोजताना लाज वाटली असेल. पंधरा दिवसांत सगळीकडे कुप्या पोचल्या. उत्तर काय, छापतील कधीतरी."

मधल्या काळात त्यांचा पक्ष सत्तेत आला. सगळ्यांना वाटलं, आता आप्पा गप्प बसतील किंवा मंत्री होतील. दोन्ही झालं नाही. पहिल्याच अधिवेशनात आपल्याच मंत्र्याला त्यांनी अशी एमबी मागितली की मुख्यमंत्र्यांनी बंगल्यावर बोलावून घेतलं. समजूत काढली, एखादं महामंडळ देऊ केलं. आप्पा सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "महामंडळाचं शेवटचं ऑडिट कधी झालंय?" विषय तिथेच मिटला.

आणि मग ते पडले. पडणारच होते. मतदाराला आमदार लग्नात हवा, बारशाला हवा, गल्लीत पेव्हर ब्लॉक टाकायला नारळ घेऊन हवा. विधानसभेत त्यानं काय विचारलं याची पावती कुणी बघत नाही. समोरच्या तरुण उमेदवारानं घोषणाच अशी काढली : 'आमदार विचारतात प्रश्न, आम्ही देतो उत्तर!' आप्पांना ती घोषणा आवडली. मतमोजणीच्या दिवशी सातव्या फेरीला ते केंद्रातून बाहेर आले आणि निवडणूक अधिकाऱ्याला विचारलं, मोजणीच्या टेबलांवर पंखे का नाहीत.

आता ते माजी आहेत. सकाळी पंचायत समितीच्या बाहेर वडाखाली बसतात. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतात, पण त्यात त्यांचं मन रमत नाही. तीस दिवसांनी टपालानं कागद येतो, अपील करता येतं, ते सगळं ठीक आहे. "पण त्याला पूरक नसतो. आणि समोरच्याचं तोंड दिसत नाही."

मागच्या पावसाळी अधिवेशनाआधी त्यांच्याकडे गेलो तर ओसरीवर तोच तरुण आमदार बसलेला. उत्तर देणारा. पांढरी शुभ्र गाडी गल्लीत मावत नव्हती म्हणून तिठ्यावर उभी होती. पठ्ठ्या खर्डा घेऊन आला होता, जिल्हा परिषदेच्या एका शाळेबद्दल. आठ भाग, दीड पान, 'अक्षम्य दुर्लक्ष', 'भगिनींची विटंबना', सगळं होतं. आप्पांनी चष्मा लावला, पेन काढलं आणि पहिल्या ओळीपासून खोडायला सुरुवात केली. सगळं खोडून झाल्यावर खाली एवढंच लिहिलं : सदर शाळेतील मुलींच्या स्वच्छतागृहास दार आहे काय?

"एवढंच, आप्पा?"

"एवढंच. आणि पाठव. पाठवलं की गावात बोलून दाखव, प्रश्न दिलाय म्हणून. चहा घे."

आठ-दहा दिवसांनी त्या आमदाराचा आप्पांना फोन आला तेव्हा मी योगायोगानं तिथेच होतो. आप्पा फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, ऐकू कमी येतं. प्रश्न अजून यादीतसुद्धा आला नव्हता.

"आप्पा, त्या गावच्या ग्रामसेवकाचा फोन होता. सुतार लावलाय म्हणे. विचारत होता, साहेब, दाराला रंग कोणता द्यायचा? मग आता आपण प्रश्न मागे घ्यायचा का?"

"मागे?" आप्पा ताडकन उठून बसले. "वेडा आहेस का तू? आता आतल्या कडीचं विचार."